आवाज मरतो ती बाजू

प्रयोगशाळेतल्या सहा टेबलांपैकी चौथ्या टेबलाचा एक पाय आखूड होता. तुळशीराम रोज सकाळी सव्वासातला त्या पायाखालची लाकडी पाचर काढी, पुसून घेई आणि पुन्हा ठोकून बसवी. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचे दोन गाळे होते. त्यांच्या हादऱ्यांनी ती पाचर दिवसभरात अर्धा इंच सरकत असे. पाचर झाली की गॅल्व्हानोमीटरांच्या काचा, मग तारांची टोकं, मग फळा. पुसायला तो गाळ्यांतून आणलेली उरल्यासुरल्या कापडाची फडकी वापरी आणि दर शनिवारी ती घरी नेऊन धुई. सव्वीस वर्षं हा क्रम बदलला नव्हता.

भिवंडी-कल्याण रस्त्यावर, कोनच्या अलीकडच्या त्या गावात अकरावी-बारावीची विज्ञान शाखा निघाली, तेव्हा तुळशीराम परिचर म्हणून लागला. त्याआधी त्याने आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि दोन वर्षं दुकान चालवलं होतं. भौतिकशास्त्राचे शिक्षक आले, गेले. कोणी वर्षभर टिकलं, कोणी सहा महिने. प्रात्यक्षिकाच्या वेळी मुलं शिक्षकापेक्षा त्यालाच जास्त विचारत. "दादा, काटा हलत न्हाय." "दादा, हे उलटं लागलंय का?" तो बोट लावी आणि काटा हले.

त्याची मुलगी रुचिका या वर्षी अकरावीत, त्याच प्रयोगशाळेत आली होती.

आणि जूनपासून अपूर्वा मॅडम आल्या होत्या. भिवंडी शहरात राहणाऱ्या, वडील निवृत्त शिक्षक, स्वतः एम.एस्सी. झालेल्या. नेमणूक घड्याळी तासिकेवर, म्हणजे जेवढे तास तेवढीच नोकरी. फाटकातून स्कूटर आत घेताना त्या हेल्मेट काढून आधी तुळशीरामला नमस्कार करत. त्यात खोट काढावी असं काही नव्हतं, आणि तुळशीरामला नेमकं तेच खुपत असे.

जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी मॅडमनी मुलांना घरातून विजेच्या वस्तू आणायला सांगितल्या होत्या. टेबलांवर मोबाईलचे चार्जर, एलईडी दिवे, पंख्याचा रेग्युलेटर, मिक्सर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स अशी मांडामांड झाली. भावेश नावाच्या मुलाने मच्छर मारायची बॅट आणली होती.

"मॅडम, आजीनं सांगलंय, बॅट सांजच्या आधी घरी पायजे. न्हाय आली तर मच्छर तू हातानं मारायचं, रातभर."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. "मग आजीचं काम आधी करू या."

पहिल्या टेबलावर तुळशीरामचा स्वतःचा जुना ट्रान्झिस्टर होता. मॅडमनी तो मागून घेतला होता. मीडियम वेव्हवर, जिथे कोणतंही केंद्र लागत नाही अशा जागी काटा ठेवला की नुसती बारीक सूं ऐकू येई. एकेक वस्तू चालू करून पावलापावलाने रेडिओजवळ आणायची, खरखर सुरू होताच थांबायचं, टेपने अंतर मोजायचं. घरातली साधनं स्वतःभोवती विद्युतचुंबकीय अडथळा सोडतात, तो डोळ्यांना दिसत नाही, रेडिओला ऐकू येतो, एवढंच त्या दिवशी शिकायचं होतं. स्वस्तातला एलईडी दिवा सात फुटांवरूनच खरखरला. महागाचा दिवा रेडिओला टेकवला तरी गप्प. बॅटचं बटण दाबताच बारा फुटांवरून असा कर्कश आवाज आला की मुलींनी कानांवर हात ठेवले. रुचिका तक्ता भरत होती. रकाने सरळ, आकडे एकाखाली एक. तो हात तुळशीरामने वळवलेला होता.

"आता हा रेडिओ जागच्या जागी फिरवायचा," मॅडम म्हणाल्या. "काय होतं ते बघा."

"मॅडम, हे मला येतं," रुचिका उभी राहिली. "बाबांनी शिकवलंय."

"अरे वा! मग तूच दाखव."

तुळशीराम तारांचा ट्रे घेऊन दारात थांबला. रुचिकाने भावेशला बॅट दाबून कोपऱ्यात उभं केलं, रेडिओ हातात धरला आणि सावकाश गोल फिरवला. खरखर वाढली, उतरली, आणि एका ठिकाणी जवळजवळ मेली. रेडिओची बाजू नेमकी भावेशकडे झाली होती. "आवाज मरतो ती बाजू धरायची," ती म्हणाली. "दोन जागांवरून धरली आणि दोन रेघा ओढल्या, की जिथं रेघा भेटतात तिथं वस्तू." वर्गाने टाळ्या वाजवल्या. तुळशीरामच्या छातीत काहीतरी रुंद झालं. रुचिका नऊ वर्षांची असताना, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर रेघा का येतात ते शोधायला तो तिला हाच रेडिओ देऊन आळीभर हिंडला होता.

"सुंदर," मॅडम म्हणाल्या. "पण आवाज मरतो का?"

रुचिकाने दाराकडे पाहिलं. मॅडमनीही पाहिलं.

"तुळशीरामदादा, तुम्हीच सांगा ना."

त्याने ट्रे टेबलावर ठेवला. "आत काळी कांडी असते, मॅडम. तिच्यावर तारेचं वेटोळं. कांडीचं टोक तिकडं झालं की आवाज मरतो."

"हो, बरोबर. पण का मरतो?"

प्रश्न साधा होता आणि साधेपणानेच विचारला होता. तीस वर्षं त्याच्या हाताला ते माहीत होतं. नऊ वर्षांच्या रुचिकाने एकदा हेच विचारलं होतं आणि तेव्हा जे उत्तर दिलं तेच आता तोंडात आलं.

"तसंच असतं."

"तसंच असतं!" कोपऱ्यातून भावेशने री ओढली. दोघेतिघे फिसकन हसले. मॅडमनी डोळ्यांनी त्यांना गप्प केलं. मग त्यांनी तारेचं एक मोठं कडं उचललं, दुसरा हात आडवा धरून त्यातून घातला. लहर जिकडून येते, तिच्या आडवं चुंबकीय क्षेत्र डोलतं. कांडी त्या डोलण्याच्या रेषेत असली तर क्षेत्र वेटोळ्यातून आरपार जातं आणि तारेत वीज उमटते. कांडीचं टोक उगमाकडे केलं की क्षेत्र वेटोळ्याला बाजूने घासून जातं, आत शिरत नाही. आत शिरलं नाही तर वीज कुठली, आणि आवाज कुठला?

"अच्छा!" रुचिका म्हणाली.

तो एक शब्द तुळशीरामने नीट ऐकला. तो त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता. ट्रे उचलताना त्यातल्या दोन तारा खाली पडल्या आणि त्या उचलायला मॅडमच आधी वाकल्या.

तुळशीरामची बायको कमळ, तिची ड्युटी दापोड्याच्या गोदामात होती. दिवसभर उभं राहून खोक्यांवर स्टिकर लावायचे. कंपनीची गाडी संध्याकाळी सातला हमरस्त्यावर सोडी. घरी आली की ती आधी पाय घमेल्यातल्या गरम पाण्यात ठेवी आणि मगच तव्याकडे बघे. त्या दिवशी भाकऱ्या रुचिकाने थापल्या होत्या.

"आई, आपल्या मोरीतला बल्ब आहे ना, तो रेडिओवर सगळ्यात जास्त घाण करतो. मॅडम म्हणाल्या, आतला फिल्टर वाचवतात स्वस्तात बनवणारे लोक."

"मंग तुज्या मॅडमला सांग, महागाचा आनून दे," कमळ म्हणाली. "घाण करतो, पन उजेड तर देतो ना."

"आणि मॅडम लॅपटॉपला लावायचा छोटा रिसिव्हर आणणार आहेत. आवाज दिसतो त्याच्यावर. रंगांचे पट्टे येतात. मॅडम म्हणाल्या..."

"मॅडम, मॅडम," तुळशीराम म्हणाला. "भाकरी करपते ती बघ."

भाकरी करपली नव्हती. रुचिकाने ती उलटून दाखवली.

जेवताना कळलं ते असं. दहा फेब्रुवारीला शाळासमिती प्रयोगशाळा बघायला येणार होती. विज्ञान शाखेला मुलं कमी, तेव्हा पुढच्या वर्षी मॅडमचे तास ठेवायचे की नाहीत ते त्या दिवशी ठरणार. मॅडमनी हाच प्रयोग दाखवायचं ठरवलं होतं, आणि दाखवणार होती रुचिका.

"तास कमी झाले तर त्या येनार न्हायत?" कमळने विचारलं.

"कशा येतील? दोन तासांसाठी कोणी भिवंडीवरनं येतं का? कल्याणला बोलावलंय त्यांना एका क्लासवाल्यानं. पण त्या म्हणतात, तुमची बारावी होईपर्यंत मी इथंच. मॅडम गेल्या तर मी पण विज्ञान सोडेन."

सव्वीस वर्षं मी हाय, असं तुळशीरामच्या मनात आलं. मी असताना पोरगी विज्ञान सोडते म्हणते.

पुढचे तीन आठवडे तयारीचे होते. तुळशीरामने भिंतीला चुना मारला, तक्ते टांगले, टेबलांना पॉलिश केलं. मॅडम सांगत ते सगळं तो करी, सांगितल्यापेक्षा नीट करी. रिसिव्हर आला. आगपेटीएवढी डबी, तिला एक वीतभर काडी. पडद्यावर निळ्यातून पिवळे पट्टे उतरत. रुचिका त्या पडद्यासमोर मॅडमच्या शेजारी स्टूल ओढून बसे. दोघींची डोकी जवळ येत. ट्रान्झिस्टर खिडकीत सरकला आणि त्याच्यावर कोणीतरी डस्टर ठेवलं. ते उचलताना तुळशीरामने बघितलं, खडूची भुकटी जाळीत गेली होती. त्याने ती ब्रशने काढली. अर्धा तास लागला. कोणी विचारलं नाही काय करताय.

एकदा तो रुचिकाला म्हणाला, "त्या डबीपेक्षा आपला रेडिओ लवकर पकडतो."

"तसं नसतं, बाबा. त्याचा पट्टा किती, बघ ना. तू फक्त एकच जागा ऐकतोस."

ती चिडून बोलली नव्हती. समजावून सांगत होती, जशा मॅडम सांगत, हात तसाच आडवा धरून. तो हात त्याने पाहिला. जेवण झाल्यावर पोटात जे पेटलं ते ओव्याने शमलं नाही.

आठ तारखेला शेजारच्या मैनाबाईने बिघडलेली बॅट दुरुस्तीला दिली. तुळशीरामने ती उघडली. आतली सर्किटची छोटी पट्टी, गुंडाळी, बॅटरी, बटण. बटणाचा संपर्क झिजला होता, तो त्याने घासला. बारीक लाल दिवा लागला. त्याने दिवा बघितला, बटण सोडलं, पुन्हा दाबलं. मग जाळी आणि मूठ बाजूला ठेवून आतलं सर्किट तेवढं फडक्यात गुंडाळलं, आणि "दोन दिवस लागतील" असं मैनाबाईला कळवलं.

दहा तारखेला समिती साडेदहाला येणार होती. दहा वाजून दहा मिनिटांनी प्रयोगशाळेत कोणी नसताना त्याने सर्किटचं बटण सुताने करकचून बांधलं, चालू झाल्याची खात्री केली आणि ते आपल्या टेबलाच्या खणात ठेवलं. आदल्या रात्री त्याने बऱ्याच जागा विचारात घेतल्या होत्या. फळ्यामागे, कपाटावर, खिडकीच्या पलीकडे. पण चालू उपकरण उघड्यावर सोडून जाणं त्याला जमेना. कपाटं त्या दिवशी उघडी राहणार होती; कुलपाची जागा एकच उरत होती, तो खण. त्याची किल्ली एकच होती, ती त्याच्या कमरेला. लाकूड ही खरखर अडवत नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

समितीचे अध्यक्ष रामनाथशेठ. दापोड्याला त्यांच्या जमिनीवर अकरा गोदामं उभी होती. लहानपणी ते आणि तुळशीराम खाडीच्या एकाच चिखलात निवट्या मासे धरत. आता शेठना पुढच्या खुर्चीत बसवून पंखा त्यांच्याकडे वळवला. बाजूला मुख्याध्यापक आणि आणखी चौघे.

मॅडमनी थोडक्यात प्रस्तावना केली. रुचिकाने रेडिओ लावला.

सूं ऐकू यायला हवी होती. कर्कश खरखर आली. तिने काटा सरकवला. तीच खरखर. पडद्यावर बघितलं तर वरपासून खालपर्यंत पिवळा पट्टा. तिने एलईडी दिवा चालू केला, बंद केला. काहीच फरक नाही. रेग्युलेटर फिरवला. फरक नाही.

"हे काय हाय?" शेठ म्हणाले. "दिवा लावला तरी तेच, ईझवला तरी तेच. मंग दाखवलं काय?"

"एक मिनिट हं, सर." मॅडमच्या वरच्या ओठावर घाम आला होता. "मागाच्या गाळ्यांमधून वायरिंगवर येत असेल. दादा, मेन स्विच बंद करता का?"

तुळशीरामने जाऊन मेन स्विच खाली ओढला. पंखा मंदावत थांबला. रेडिओ आपल्या सेलवर होता आणि खरखरत राहिला.

"आयला, वीज गेली तरी वराडतोय," मागचे एक सदस्य म्हणाले. लोक हसले. शेठनी रुमालाने मान पुसली. "मॅडम, बंद करा आता. कान फुटले. पोरांना हेच शिकवताव का तुमी?"

मॅडमनी लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. तुळशीराम भिंतीला टेकून उभा होता. त्याने मॅडमचा चेहरा पाहिला आणि जे वाटायला हवं होतं ते त्याला वाटलं. गार, गोड, घशाखाली उतरणारं. ते दोन-तीन क्षणच टिकलं.

कारण रुचिकाने रेडिओ उचलला होता. "सर, पाच मिनिटं द्या," ती म्हणाली. "मुख्य वीज बंद आहे. म्हणजे हे सेलवर चालणारं काहीतरी आहे, आणि आवाज एवढा, म्हणजे खोलीतच आहे. मी शोधते."

ती पहिल्या टेबलापाशी उभी राहिली. रेडिओ सावकाश फिरला. खरखर वाढली, उतरली, मेली. तिने खाली वाकून फरशीवर खडूने लांब रेघ ओढली. मग खिडकीपाशी गेली. पुन्हा फिरवला. लोकांची कुजबुज थांबली. दुसरी रेघ ओढताना ती मागे मागे सरकत आली, पहिलीला छेदून थांबली, आणि तिची टाच तुळशीरामच्या टेबलाच्या पायाला लागली.

ती उभी राहिली. रेडिओ खणाजवळ नेला. खरखर किंचाळली. तिने तो दूर नेला, पुन्हा जवळ आणला, जसं तिला शिकवलं होतं, एका निरीक्षणावर भरवसा न ठेवता. मग तिने वडिलांकडे पाहिलं.

"बाबा, किल्ली."

त्याचा हात कमरेकडे गेला. खण उघडला तेव्हा फडक्याच्या घडीत लाल दिवा लुकलुकत होता आणि सर्किट तापल्याचा वास आला. रुचिकाने सूत तोडलं. रेडिओ एकदम शांत झाला. नुसती सूं.

त्या शांततेत रामनाथशेठनी टाळी वाजवली.

"तुळश्या, गड्या! पोरीची परीक्षा घेतलीस व्हय रं? आमाला वाटलं समदं फसलं! कुलपात लपवलं आनि पोरीनं कुलपातनं काडलं!" बाकीचेही टाळ्या वाजवू लागले. मुख्याध्यापकांना हायसं वाटलं.

मॅडम तुळशीरामकडे बघत होत्या. कपाळावर एक आठी आली, आणि मग ती पुसली गेली. "हो," त्या म्हणाल्या. "ही चाचणी तुळशीरामदादांचीच. पद्धतही त्यांचीच आहे."

"बघा!" शेठ मुख्याध्यापकांकडे वळले. "घरचा मानूस एवढा हुशार आनि आपन बाहेर शोधतो. पुढल्या वर्षी प्रात्यक्षिकं तुळशीरामच बघंल. मॅडमना फळ्याचे तास ऱ्हाऊ द्या, दोन का तीन. लिहा."

मुख्याध्यापकांनी लिहून घेतलं. मॅडमनी लॅपटॉप मिटला. तुळशीरामने मेन स्विच वर केला आणि पंखा पुन्हा शेठकडे वारा घालू लागला.

घरी रुचिकाने दप्तर खुंटीला लावलं नाही. ते मांडीवर घेऊन ती ओट्यावर बसून राहिली. कमळ गाडीवरून उतरून आली, पाय पाण्यात घातले, आणि दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"मॅडमला आधी सांगितलं होतं का तुम्ही?" रुचिकाने विचारलं.

जन्मापासून ती त्याला 'तू' म्हणत आली होती.

"न्हाय," तुळशीराम म्हणाला.

ती उठून आत गेली. आतून कडी लागली. कमळने घमेल्यातला एक पाय बाहेर काढला, बोटांमधली सूज दाबून बघितली.

"काय केलंत?"

त्याने सांगितलं. क्रमाने सांगितलं, काही न गाळता. मैनाबाईची बॅट, सूत, खण.

"ती बाई तुमची पोर पळवून नेत व्हती का?" कमळने विचारलं.

"तसं न्हाय."

"मंग कसं?"

"मी तिला आवाज कसा पकडायचा ते शिकवलं. ती येऊन 'का' सांगून गेली. आनि पोरीनं माझ्याकडं बघायचं बंद केलं."

"गोदामात नवी पोर आलीय," कमळ म्हणाली. "माझ्या दुप्पट खोकी करते. मला बी वाटतं, तिच्या स्टिकरचा रोल लपवावा. रोज वाटतं." तिने दुसरा पाय बाहेर काढून पदराने पुसला. "लपवला न्हाय अजून."

दुसऱ्या दिवशी अर्जित रजा लिहून देऊन तुळशीराम दापोड्याला गेला. शेठचं ऑफिस तिसऱ्या गोदामाच्या टोकाला, काचेचं. बाहेर ट्रक मागे घेताना क्लीनर ओरडत होते, "आने दो, आने दो, बस!" बसायला जागा नव्हती. तो लाकडी फळ्यांच्या ढिगाला टेकून उभा राहिला. काचेतून शेठनी त्याला पाहिलं होतं, हातही केला होता, पण फोन संपत नव्हते. दोन तासांनी एका पोऱ्याने त्याला हमाल समजून खोकं उचलायला सांगितलं. त्याने ते उचलून दाखवल्या जागी ठेवलं. साडेबाराला आत बोलावणं आलं.

"बोल, मास्तर!" शेठ हसले. "आता मास्तरच म्हनायचं तुला."

तुळशीरामने उभ्यानेच सगळं सांगितलं. शेठचं हसू हळूहळू गेलं.

"म्हंजी मॅडमना ठाव नव्हतं."

"न्हाय."

"मंग त्या खोटं बोलल्या. समितीसमोर."

"त्यांनी माझी लाज राखली, शेठ. लाज माझी व्हती. खोटं बी माझंच धरा."

"तुला कोनी इचारलं व्हतं का? गप बसायचं. इज्जत मिळाली, काम मिळालं. तुला पायजे तेच झालं ना?"

"तेच झालं," तुळशीराम म्हणाला. "ते परत घ्या, म्हनून आलोय. त्यांचे तास जसे हायत तसे ठेवा."

शेठनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. बाहेर एक ट्रक भोंगा वाजवत होता. "लिहून दे. सहीनिशी. पन मंग तुळश्या, प्रयोगशाळेत तू न्हाय. रिटायर व्हायला चार वर्षं ऱ्हायलीत, ती फाटकावर काड. घंटा मार, गेट उघड. मी बाकीच्यांना काय सांगू दुसरं?"

"बरं."

त्याने कागद मागून घेतला. त्याचं अक्षर चांगलं होतं. समास सोडून, तारीख घालून, मुद्दे क्रमाने मांडून त्याने लिहिलं. कुठे खाडाखोड केली नाही. मग करगोट्यातून किल्ल्यांचा जुडगा सोडवून कागदावर ठेवला. कपाटाच्या पाच, दाराची एक, खणाची एक. शेठनी ते बघितलं आणि दुसरीकडे तोंड करून चहा मागवला. तो चहा तुळशीराम प्यायला, कारण नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऊन चढू लागलं. फाटकाजवळ सावली सकाळी दहापर्यंतच असे. नंतर तो स्टूल भिंतीच्या कडेने सरकवत नेई. रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, त्यावर हातोडी मारायची. प्रयोगशाळेची खिडकी फाटकापासून चाळीस पावलांवर होती.

मॅडमचे तास कायम राहिले. त्या स्कूटर आत घेताना आजही हेल्मेट काढून नमस्कार करत, आणि तो फाटक पूर्ण उघडून धरी. त्यांनी एकदा थांबून काही बोलायला तोंड उघडलं होतं. त्याने "मागून गाडी येतेय, मॅडम" म्हणून त्यांना आत जाऊ दिलं. मागे गाडी नव्हती. रुचिका घरात कामापुरतं बोले. मीठ द्या, आई कधी येणार, दार लावून घ्या.

गुरुवारी चौथा तास प्रात्यक्षिकाचा होता. खिडकीतून आवाज येत होते. आधी मॅडमचा, मग रुचिकाचा. शेजारच्या गावातल्या नववीच्या मुली प्रयोगशाळा बघायला आल्या होत्या आणि रुचिका त्यांना शिकवत होती. शब्द कळत नव्हते. आवाजाची चढउतार कळत होती. एकदा सगळ्या मुली हसल्या, आणि त्यात मॅडमचं हसू वेगळं ओळखू आलं. तुळशीरामच्या घशाशी तेच पेटलं, त्या तीन आठवड्यांत जे पेटत होतं तेच, तसूभरही कमी नाही. त्याला वाटलं होतं की कागद लिहून दिला की ते विझेल.

मनगटावरच्या घड्याळात तास संपायला एक मिनिट होतं. तो उठला, हातोडी घेतली. एवढ्या लांबून त्याच्या हातात आता एवढंच उरलं होतं की तो तास तो संपवू शकत होता. घंटा झाली की मुली उठतील, दप्तरं आवरतील, आणि रुचिकाचं वाक्य मध्येच तुटेल.

सेकंदकाटा बारावर आला. पुढे गेला.

खिडकीत रुचिका पाठमोरी दिसत होती. तिने एका मुलीच्या हातात काहीतरी दिलं होतं आणि तिचे खांदे धरून तिला सावकाश गोल फिरवत होती. ती मुलगी थांबली. चुकली असावी. रुचिकाने तिला पुन्हा पहिल्यापासून फिरवायला लावलं. पहिल्या मजल्यावरच्या कुठल्यातरी वर्गातून बाकं सरकवल्याचे आवाज येऊ लागले. मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार उघडलं.

हातोडी जड नव्हती, पण त्याचा दंड भरून आला. दोन मिनिटं. तीन. खिडकीत ती परक्या गावची मुलगी एकदम थबकली आणि ओरडली, आणि बाकीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा तुळशीरामने घंटा मारली. आठ टोले, सारख्या अंतराने.

"तुळशीराम!" मुख्याध्यापक व्हरांड्यातून ओरडले. "चार मिनिटं वर! घड्याळ बंद पडलं काय?"

"व्हय, सर," तुळशीराम म्हणाला आणि हातोडी खिळ्याला अडकवली.